आनंदीबाईंचा प्रबंध

आज 31 मार्च. बँकांत मार्च एंडिंगची धांदल, संशोधन संस्थांत अनुदान परत जाण्याआधी बिलं लावण्याची घाई. या गडबडीत कल्याणच्या जोशी घराण्यातल्या यमुनेची, म्हणजे डॉ. आनंदीबाई जोशींची जयंती एका हारात उरकते. जन्म 1865चा. नवव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी झालेलं मूल दहा दिवसांत गेलं, 1883 साली अमेरिकेला प्रयाण, 11 मार्च 1886ला पदवी आणि बाविसावं पुरं होण्याआधीच पुण्यात क्षयाने मृत्यू. दरवर्षीच्या भाषणांत एवढंच असतं. त्यांचं दुःख आपल्याला पाठ आहे. त्यांचं काम मात्र कुणी विचारत नाही.

पेनसिल्व्हेनियाच्या वुमन्स मेडिकल कॉलेजसाठी त्यांनी प्रबंध लिहिला, विषय हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र. एका हाताला आयुर्वेदाचे ग्रंथ, दुसऱ्या हाताला अमेरिकी पाठ्यपुस्तकं. जे बाळंतपण स्वतःच्या अंगावरून गेलं, त्याचाच विसाव्या वर्षी अभ्यासक म्हणून विचार करायचा, याला नुसती जिद्द पुरत नाही. आणि हे सगळं कुठे, तर जिथली शेगडी धूर ओकायची अशा खोलीत. पेटवली तर धूर, विझवली तर गारठा. नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहतात म्हणून त्यांनी लुगडं सोडून गुजराती वळणाची साडी धरली. न्यू जर्सीच्या थिओडिशिया कार्पेंटरना त्या मावशी म्हणत, त्यांना पत्रं लिहीत. हवा, जेवण, कपडे हे तपशील आपण किरकोळ म्हणून सोडून देतो. संशोधकाचा दिवस मात्र त्यांतच जातो.

आजही वेगळं काय आहे? खाडीतल्या तिवरांवर काम करणाऱ्या कल्याणच्या मुलीला भरती-ओहोटीच्या वेळा सांभाळाव्या लागतात, आणि ओहोटी पहाटेची असेल तर ती पहाटेच असते. गुडघाभर चिखल, निवट्यांची पळापळ, पाण्याचे नमुने. मग तेच नमुने पिशवीत घेऊन महिला डब्यात उभ्याने प्रवास. कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती 2023पासून कागदावर दरमहा 37,000 रुपये आहे. ती वेळेवर मिळत नाही, ही तक्रार देशभरचीच. घरी पाहुणे विचारतात, ‘अजून शिकतेच आहेस का?’ त्यात भर दोन खोल्यांच्या घराची. टीव्ही बंद झाल्याशिवाय लिहायला बसता येत नाही, आणि तो बंद होतो तेव्हा डोळे मिटत आलेले असतात. विद्वत्तेचा आदर करणाऱ्या आपल्या शहराने तिला बसायला टेबल कुठे दिलंय?

कल्याणचं सार्वजनिक वाचनालय 1864चं, आनंदीबाईंपेक्षा वर्षाने वडील. प्रबंधाची मूळ प्रत फिलाडेल्फियात ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संग्रहात आहे. तिचं टिपांसह मराठी भाषांतर वाचनालयाने महापालिकेच्या मदतीने काढावं, आणि शेवटच्या लोकलपर्यंत उघडी राहील अशी अभ्यासिका संशोधकांसाठी ठेवावी. पैशांचं म्हणाल, तर आपल्याकडे एका वाढदिवसाच्या कमानींवर आणि फलकांवर जेवढं उधळलं जातं, तेवढ्यात बरंच काम होईल.