चित्रांच्या ठेवीवर व्याज कुणाचे?

जपानी कार्टूनपटांच्या व्यवसायात 'बँक' हा एक रूढ शब्द आहे. या बँकेत नोटा मोजल्या जात नाहीत. तिथे चित्रे ठेवली जातात. एकदा काढलेले, रंगवलेले चित्र काम झाल्यावर फेकून न देता नीट वर्गवारी करून ठेवायचे आणि पुढे गरज पडली की काढून पुन्हा वापरायचे, अशी ही पद्धत. उभी नोकरी बँकेत झालेल्या माझ्यासारख्याचे कान हा शब्द ऐकून टवकारले तर त्यात नवल नाही. ठेव म्हटली की ठेवीदार आला, व्याज आले आणि ते व्याज कुणाच्या खात्यात जमा होते, हा प्रश्नही आला. ही बँक आता कपाटातून संगणकात गेली आहे. तो प्रश्न मात्र फारसा कुणी विचारत नाही.

चित्रे साठवण्याची गरज का पडली, हे समजायला थोडा हिशेब पुरे. पडद्यावर सेकंदाला २४ चौकटी सरकतात. एकेक चित्र दोन चौकटींना वापरले तरी सेकंदाला १२, मिनिटाला ७२० आणि २० मिनिटांच्या भागाला १४,४०० चित्रे लागतात. दर आठवड्याला एवढी चित्रे हाताने काढायची तर माणसे आणि पैसा दोन्ही संपून जातील. ओसामु तेझुका यांनी १ जानेवारी १९६३ रोजी जपानी दूरचित्रवाणीवर 'अ‍ॅस्ट्रो बॉय' ही साप्ताहिक मालिका सुरू केली, तेव्हा त्यांच्यासमोर हाच हिशेब होता. त्यांनी एकेक चित्र तीन-तीन चौकटींना वापरले, बोलताना फक्त ओठ हलवले आणि उडणाऱ्या, धावणाऱ्या नायकाची चित्रे जपून ठेवली. पुढच्या आठवड्यात तोच नायक, तेच उड्डाण. मागचे आकाश मात्र दुसरे. 'बँक' ती हीच.

ही काटकसर तेझुकांच्या आधीपासूनची आहे. १९१४ च्या सुमारास अमेरिकेत अर्ल हर्ड यांनी पारदर्शक सेल्युलॉइडच्या तावांवर पात्रे काढण्याची पद्धत आणली, तीच मुळी पुनर्वापरासाठी. मागचे घर, झाड, रस्ता एकदाच काढायचा आणि हलणारे पात्र तेवढे वरच्या तावावर बदलत राहायचे. पुढे १९५७ मध्ये 'टॉम अँड जेरी' बनवणारा एमजीएमचा कार्टून विभाग बंद झाला आणि विल्यम हॅना व जोसेफ बार्बेरा यांनी दूरचित्रवाणीसाठी स्वतःचा संसार थाटला. त्यांच्या योगी नावाच्या अस्वलाच्या गळ्यात कॉलर आणि टाय असतो. जंगलातल्या अस्वलाला टाय कशाला? तर कॉलरच्या वरचे डोके एका तावावर, खालचे धड दुसऱ्या तावावर! डोके बोलत राहते आणि धड एकदाच काढलेले, तसेच ठेवता येते. जोड दिसू नये म्हणून ती कॉलर. चक जोन्स यांच्यासारख्या मातब्बराने दूरचित्रवाणीवरच्या अशा कार्टूनांना 'सचित्र रेडिओ' म्हणून हिणवले. पण योगीला पाहून पोट धरून हसणाऱ्या मुलांना त्या कॉलरचे गुपित ठाऊक नव्हते आणि ते कळून त्यांचे हसू कमी झाले असते असेही नाही.

डिस्नेसारखी श्रीमंत संस्थाही याला अपवाद नव्हती. १९७३ च्या 'रॉबिन हूड'मधला नाच लक्षपूर्वक पाहावा. त्यात 'स्नो व्हाइट' (१९३७), 'जंगल बुक' (१९६७) आणि 'अ‍ॅरिस्टोकॅट्स' (१९७०) या चित्रपटांतल्या हालचाली जशाच्या तशा आल्या आहेत. स्नो व्हाइटच्या गिरक्या तिथे कोल्हीण झालेली मेड मॅरियन घेते. मात्र एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. जुनी चित्रे शोधून त्यांवर नवे पात्र बसवायला चित्रकार लागतच होता. जुन्या हालचालीवर नवा हात फिरत होता. उसनवारी होती, पण कागदावर पेन्सिल चालत होती.

शिवाय पुनरावृत्तीला स्वतःचा म्हणून एक आनंद असतो. १९९२ मध्ये सुरू झालेल्या 'सेलर मून' या मालिकेत साधी शाळकरी मुलगी वीरांगनेचे रूप घेते, तो प्रसंग भागामागून भाग तोच दाखवला जाई. प्रेक्षक कंटाळण्याऐवजी त्याचीच वाट पाहत. आपल्याला यात काही नवीन नाही. अभंगाचे ध्रुवपद प्रत्येक कडव्यानंतर येते, म्हणून कुणी गायकाला कामचुकार म्हणत नाही. तेव्हा चित्र पुन्हा वापरले एवढ्यावरून नाक मुरडणाऱ्यांच्या पंगतीत मी बसणार नाही. माझा मुद्दा पुढचा आहे. या काटकसरीतून वाचलेला पैसा आणि वेळ गेला कुठे?

याचे दोन दाखले बोलके आहेत. तेझुकांनी आपली मालिका वाहिनीला खर्चाहून कमी दराने दिली. तोटा खेळण्यांच्या आणि इतर वस्तूंच्या विक्रीतून भरून काढण्याचा त्यांचा विचार होता. पण तो पडेल भाव पुढच्या सगळ्यांसाठी पायंडा झाला, अशी टीका पुढे झाली. टीका करणाऱ्यांत हायाओ मियाझाकींसारखे दिग्दर्शकही होते. तेझुकांची मुशी प्रॉडक्शन ही कंपनी १९७३ मध्ये दिवाळखोरीत गेली. याउलट अमेरिकेतली फिल्मेशन. 'ही-मॅन'च्या १९८३ च्या मालिकेत तीच धाव, तोच ठोसा, तेच वळून पाहणे इतक्या वेळा येते की पोरेसोरेही ओळखत. पण या साठवणीच्या जोरावर लू शायमर यांनी आपले काम अमेरिकेतच ठेवले. इतर स्टुडिओ स्वस्त मजुरीसाठी चित्रे काढण्याचे काम आशियात पाठवत असताना फिल्मेशनच्या चित्रकारांच्या घरची चूल पेटती राहिली. १९८९ मध्ये मालकांनी ती कंपनीही बंद केली, हे खरे. पद्धत एकच, पण एकीकडे तिने बाजारभाव पाडला आणि दुसरीकडे काही वर्षे का होईना, रोजगार राखला. म्हणजे गुण-दोष पद्धतीचा कमी आणि हिशेब ठेवणाऱ्याचा अधिक.

आता संगणकाकडे वळू. रोमच्या डिजिटल व्हिडिओ कंपनीने बनवलेली 'टून्झ' ही प्रणाली जपानच्या स्टुडिओ जिब्लीने १९९७ च्या 'प्रिन्सेस मोनोनोके'पासून वापरली. २०१६ मध्ये ती 'ओपनटून्झ' या नावाने सर्वांसाठी मोफत खुली झाली. तिचा मुख्य तक्ता पाहिला तर जुन्या बँकवाल्याला खतावणीचीच आठवण व्हावी. वरून खाली चौकटींचे क्रमांक आणि रकान्यांत चित्रांचे क्रमांक. सातव्या क्रमांकाचे चित्र पन्नास ठिकाणी हवे असेल, तर पन्नास ठिकाणी 'सात' एवढेच मांडायचे. मूळ चित्रात दुरुस्ती केली की पन्नासही ठिकाणी ती आपोआप होते. एकाच ठिकाणी वेगळे हवे असेल, तर आधी स्वतंत्र प्रत करून घ्यावी लागते. माँट्रियलच्या टून बूम कंपनीची 'हार्मनी' ही प्रणाली वापरून पात्राचे डोके, धड, दंड, पंजा असे सारे भाग सुटे ठेवता येतात. पंजाच्या दहा-बारा आकृत्या, ओठांच्या आठ-दहा आकृत्या आधी काढून ठेवल्या की कळ दाबून हवी ती निवडता येते. योगीची कॉलर आता पात्राच्या प्रत्येक सांध्यावर आली आहे, आणि ती दिसतही नाही.

यात सोय मोठी आहे, ती नाकारण्यात अर्थ नाही. चार जणांचा गट आज स्वतःची मालिका काढू शकतो, तो याच बळावर. पण दोन गोष्टी मला अस्वस्थ करतात.

पहिली शिक्षणाची. पूर्वी नवशिक्याला दोन मुख्य चित्रांच्या मधली चित्रे काढायला बसवत. काम कंटाळवाणे, पैसा बेताचा. पण शेकडो वेळा हात काढल्यावर हात काढता येऊ लागे. तयार सुटे भाग हलवणारा आजचा उमेदवार पात्राला छान चालवतो, पण पंजा काढण्याची वेळ त्याच्यावर क्वचितच येते. मग दहा वर्षांनी नव्या पात्राचा पंजा काढणार कोण? नव्या ठेवी थांबल्या आणि काढणे चालू राहिले, तर बँकेचे काय होते, हे सांगायला अर्थतज्ज्ञ नको.

दुसरी गोष्ट मालकीची. ज्याने ते पन्नास आकार काढले, त्याला पगार एकदाच मिळतो. ते आकार मात्र वर्षानुवर्षे, भागामागून भाग राबतात. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार, वेगळा करार नसेल तर नोकरीत केलेल्या कामाचा पहिला मालक नोकरी देणाराच. २०१२ च्या दुरुस्तीने चित्रपटातल्या साहित्यिक आणि सांगीतिक कृतींच्या कर्त्यांना रॉयल्टीचा वाटा राखून दिला. गीतकार-संगीतकारांनी तो झगडून मिळवला. चित्रकार त्या ओळीत नाही. निर्माते म्हणतील, भिंत बांधणारा गवंडी घराचे भाडे मागतो काय? मागत नाही, कारण त्याची भिंत एकाच घरात उभी असते. दुसरे घर बांधायचे तर त्याला, नाहीतर दुसऱ्या गवंड्याला बोलवावेच लागते. इथे मात्र तीच भिंत उचलून शंभर घरांना लावता येते आणि गवंड्याला निरोपही जात नाही.

म्हणून माझी मागणी साधी आहे. काढलेले भाग त्या मालिकेबाहेर वापरणार असाल, तर ते करारात लिहा आणि त्याचा मोबदला ठरवा. हा साठा ज्यांनी उभा केला, त्यांची नावे प्रत्येक भागाच्या श्रेयनामावलीत येऊ द्या. आणि वाचलेल्या वेळातला थोडा वेळ, भागामागे एखादे मिनिट का होईना, संपूर्ण नव्याने काढायला ठेवा. ते काम नवशिक्यांना द्या. परदेशी मालिकांचे काम करणाऱ्या आपल्याकडच्या स्टुडिओंनाही हे अशक्य नाही. कोणते चित्र कितव्या चौकटीत आले, याची नोंद संगणक ठेवतोच. त्या नोंदीशेजारी चित्रकाराच्या नावाचा आणखी एक रकाना आखायचा आहे, इतकेच.