निंबोळी, रिठा आणि गोगलगाय

मृगाच्या आगमनाबरोबर नवीन जालन्याच्या बाजारपेठेत बियाण्यांच्या आणि औषधांच्या दुकानांपुढे शेतकऱ्यांची रीघ लागते. या खरेदीच्या यादीत आता गोगलगायी मारण्याच्या गोळ्याही असतात. 2022 च्या खरिपात लातूर, बीड आणि धाराशिव (तेव्हाचे उस्मानाबाद) या जिल्ह्यांत शंखी गोगलगायींनी सोयाबीनची कोवळी रोपे फस्त केली आणि अनेकांवर दुबार पेरणीची पाळी आली. सुमारे 72 हजार हेक्टरांच्या नुकसानीपोटी शासनाला 98 कोटी रुपयांवर मदत मंजूर करावी लागली. 1847 मध्ये कलकत्त्यात आणून सोडलेला हा आफ्रिकी जीव आज मराठवाड्याच्या अर्थव्यवस्थेचा प्रश्न होऊन बसला आहे.

या गोळ्यांतील मेटाल्डिहाइड हे द्रव्य गोगलगायी मारते, यात शंका नाही. परंतु ते खाणारे कुत्रे, गुरे व पक्षी यांनाही ते सोडत नाही. याच कारणास्तव ब्रिटनने मार्च 2022 अखेर त्याचा उघड्यावरील वापर बंद केला. साहजिकच वनस्पतिजन्य अर्कांकडे लक्ष वळते आणि आपल्याकडे सर्वांत आधी नाव निघते ते कडुनिंबाचे.

मात्र श्रद्धा आणि शास्त्र यांची गल्लत होता कामा नये. निंबोळीतील अझाडिरॅक्टिन किडीच्या कात टाकण्याच्या क्रियेत बिघाड घडविते. गोगलगाय कातच टाकत नाही! तेव्हा अळीवर गुणकारी ठरलेला निंबोळी अर्क गोगलगायीवर तितकाच चालेल, असे गृहीत धरणे चुकीचे आहे. याउलट रिठ्यासारख्या फेस देणाऱ्या फळांतील सॅपोनिन मृदुकाय प्राण्यांना घातक असते. इथिओपियात 1964 मध्ये डॉ. अक्लिलू लेम्मा यांना एक गोष्ट दिसली. स्त्रिया एन्डॉडच्या फळांनी जेथे कपडे धूत, त्याच्या खालच्या प्रवाहात गोगलगायी मरून पडलेल्या असत. त्या निरीक्षणातून मोठे संशोधन उभे राहिले. पण हेच सॅपोनिन माशांनाही मारते. तंबाखूचा काढा तर माणसालाही विषारी. तात्पर्य, जे झाडापासून मिळते ते निरुपद्रवी, हा भाबडा समज आहे.

खरा प्रश्न अर्थशास्त्राचा आहे. गोळ्यांची पुडी तयार मिळते. पाच टक्के निंबोळी अर्कासाठी मात्र निंबोळ्या वेचा, वाळवा, कुटा, पाच किलो चूर्ण रात्रभर भिजवा, गाळा आणि 100 लिटर द्रावण करा. हे श्रम बहुधा घरातील स्त्रीचे असतात आणि हिशेबाच्या वहीत ते कोठेच चढत नाहीत. घरगुती औषध ‘फुकट’ ठरते ते या न मोजलेल्या मजुरीवर. ही मजुरी धरली, तर ते रसायनापेक्षा स्वस्तच पडेल असे नाही.

दुसरे असे की, गोगलगाय बांध जुमानीत नाही. एकाने शेत स्वच्छ केले आणि शेजाऱ्याने दुर्लक्ष केले, तर पहिल्याचा खर्च वाया जातो. म्हणून पहिल्या पावसानंतर साऱ्या गावाने मिळून गुळाच्या पाण्यात भिजविलेली गोणपाटे अंथरणे, त्यांखाली जमलेल्या गोगलगायी हातमोजे घालून वेचणे व मिठाच्या पाण्यात बुडविणे, आणि बांधालगत चुन्याचा पट्टा ओढणे, हेच आज भरवशाचे उपाय होत. अर्क त्यांना साह्य करील. त्यांची जागा घेणार नाही.

येथे सार्वजनिक संस्थांचे काम सुरू होते. परभणीच्या कृषी विद्यापीठाने रिठा, निंबोळी आदी अर्कांची शेतावर चाचणी घेऊन मात्रा, खर्च आणि धोके स्पष्ट शब्दांत सांगावेत. ग्रामपंचायतींनी वेचणीला मजुरी द्यावी. बियाण्यांच्या व्यापारात देशभर नाव कमावलेल्या जालन्याला सिद्ध झालेल्या अर्काचा धंदा अवघड नाही. 98 कोटी नुकसानीनंतर देता येतात. त्यातला अल्पसा अंश नुकसानीपूर्वी खर्च करण्याची दूरदृष्टी तेवढी हवी.