हृदयाचा इतिहास: सुश्रुत, हार्वे आणि महाड

१/८
‘रक्ताभिसरण आमच्या ग्रंथांत आधीच होते, हार्वेने ते चोरले.’ हा संदेश आमच्या कळंबच्या गटांवरही अधूनमधून फिरतो. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून माझा त्याला स्पष्ट विरोध आहे. हा दावा असत्य आहे आणि सुश्रुतावर अन्याय करणाराही. #धागा

२/८
सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात ७०० शिरांची गणना आहे. पण त्यांचे मूळ नाभी सांगितले आहे. हृदयातून निघून पुन्हा हृदयाकडे परतणाऱ्या रक्ताचे वर्णन तेथे नाही.

३/८
सुश्रुताचे मोठेपण त्याच्या पद्धतीत आहे. मृतदेह वाहत्या पाण्यात ठेवावा, तो कुजल्यावर कुंच्याने एकेक थर काढून प्रत्यक्ष पाहावा, असे तो सांगतो. डोळ्यांनी पाहण्याचा आग्रह धरणाऱ्याचा ग्रंथही न उघडता आपण त्याच्या नावाने बढाया मारतो!

४/८
युरोपनेही काही वेगळे केले नव्हते. रक्त यकृतात तयार होते आणि अवयवांत संपते, हे गेलनचे मत तेथे शतकानुशतके प्रमाण होते. हृदयाच्या उजव्या भागातून डाव्या भागात रक्त फुप्फुसांमार्गे येते, हे १३व्या शतकात अरबी वैद्य इब्न अल-नफीसने लिहिले.

५/८
१६२८ मध्ये विल्यम हार्वेने हिशेब मांडला. अर्ध्या तासात हृदय जेवढे रक्त बाहेर टाकते, तेवढे शरीरात एका वेळी नसतेच. म्हणजे तेच रक्त फिरते: रोहिण्या नेतात, नीला परत आणतात, झडपा उलटे जाऊ देत नाहीत. दोहोंना जोडणाऱ्या केशवाहिन्या १६६१ मध्ये माल्पिगीला सूक्ष्मदर्शकाखाली दिसल्या.

६/८
अभिमानच बाळगायचा, तर आपल्या रायगडातच या. १९७०च्या दशकात महाडजवळ बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात डॉ. हिम्मतराव बावस्कर लाल विंचवाच्या दंशाचे रुग्ण पाहत होते. त्यांच्या उशाशी बसून त्यांनी नाडी, रक्तदाब, श्वास यांच्या नोंदी ठेवल्या.

७/८
त्यातून उलगडले ते असे: विषामुळे रक्तवाहिन्या आकसतात, त्या दाबाविरुद्ध रक्त ढकलताना हृदय थकते, फुप्फुसांत पाणी साचते. मग वाहिन्या सैल करणारे, रक्तदाबावरचे प्राझोसिन त्यांनी वापरले. १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’ने ते प्रसिद्ध केले. पूर्वी गंभीर रुग्णांत सुमारे ३० टक्के मृत्यू होत. ते प्रमाण ३ टक्क्यांच्या खाली आले.

८/८
पूर्वजांना सर्व ठाऊक होते, असे मानणाऱ्याला रुग्णाच्या उशाशी रात्र काढण्याचे कारणच उरत नाही. म्हणून हा दावा निरुपद्रवी नाही. विंचू चावल्यावर घाम सुटला, उलटी झाली, हातपाय गार पडले, तर मांत्रिकाच्या दारात घालवलेला प्रत्येक तास त्या हृदयाला महाग पडतो. गटावर हेही पाठवा.