फाळणीला वाटणी म्हणू नये

भावाभावांचे पटेनासे झाले की गावात पंच बसतात. शेत मोजले जाते, विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या ठरतात, भांडीकुंडी मांडली जातात. पुष्कळदा रीत अशी की, थोरल्याने वाटे पाडावेत आणि धाकट्याने आपला वाटा आधी उचलावा. वाटणीपत्रावर सर्वांच्या सह्या-अंगठे होतात. भांडण कितीही विकोपाला गेले तरी वाटणीने कोणी बेघर होत नाही. 'वाटणी' या शब्दाची प्रतिष्ठा आहे ती ही, आणि ती १९४७ च्या घटनेला उसनी देण्याचा उद्योग वर्षानुवर्षे चालू आहे. 'दोन भावांनी घर वाटून घेतले' हे वाक्य व्यासपीठांवरून इतक्यांदा ऐकविले गेले की, ऐकणाऱ्यालाही त्यात काही वावगे वाटेनासे झाले. एक कोटीहून अधिक माणसे ज्यात घरादाराला मुकली, ती वाटणी कसली?

सरकारी भाषेला 'विभाजन' प्रिय. शाळेतला मुलगा हा शब्द पेशीच्या धड्यात शिकतो. एका अमीबाचे दोन अमीबा होतात. दोन्ही जिवंत, दोन्ही पूर्ण, कोठे ओरखडाही नाही. भूमितीतला कोनदुभाजक दोन समान कोन करतो. रस्त्यावरचा दुभाजक तर अपघात टळावेत म्हणूनच असतो! १९४७ मध्ये यातले काय घडले? पाकिस्तानचे दोन तुकडे भारताच्या दोन बाजूंना पडले आणि त्यांच्यामध्ये सुमारे १६०० किलोमीटरचे अंतर राहिले. दुभागणी म्हणावी तर भूमीचे तुकडे तीन. १९७१ मध्ये देशही तीन झाले. ज्या शब्दाला साधी मोजदाद जमत नाही, त्याला त्या घटनेची वेदना कोठून पेलणार?

मराठीने मात्र 'फाळणी' म्हटले. फाळणे म्हणजे चिरणे, फाडणे. जाणकार येथे आक्षेप घेतील की, जुन्या महसुली व्यवहारात फाळणी म्हणजे कराच्या बोजाची वाटणीच होती. कोल्हापूरकडे घरपट्टीला आजही घरफाळा म्हणतात. आक्षेप खरा आहे. त्या अर्थाची फाळणीही १९४७ मध्ये झालीच. सरकारी मालमत्ता आणि देणी यांत पाकिस्तानचा हिस्सा १७.५ टक्के ठरला, कचेऱ्यांतल्या टेबल-खुर्च्याही मोजल्या गेल्या. खुर्च्यांची वाटणी झाली, हे मान्यच केले पाहिजे. माणसांना मात्र कोणी विचारले नाही.

त्यापूर्वी भारतात कधीही पाऊल न ठेवलेले सिरिल रॅडक्लिफ ८ जुलै १९४७ रोजी येथे आले आणि सुमारे पाच आठवड्यांत पंजाब व बंगालवर रेघ ओढून मोकळे झाले. ती रेघही लोकांना कळली १७ ऑगस्टला, म्हणजे स्वातंत्र्यानंतर दोन दिवसांनी! चितगावच्या पहाडी मुलुखात मुस्लिमेतर लोक सुमारे ९७ टक्के, त्यांत बहुसंख्य बौद्ध. १५ ऑगस्टला रांगामाटी येथे तिरंगा चढला. तो मुलुख पाकिस्तानला दिल्याचे नंतर कळले आणि पाकिस्तानी सैन्याने येऊन तो ध्वज उतरविला. उलट मुर्शिदाबादेत पाकिस्तानचा ध्वज लागला होता, तो खाली आला. कोठे होते येथे पंच? कोणत्या कागदावर होते या लोकांचे अंगठे?

सिंधची कथा तर दोन भाग करण्याच्या कोणत्याच शब्दात मावत नाही. १ एप्रिल १९३६ रोजी मुंबई इलाख्यातून वेगळा काढलेला हा प्रांत १९४७ मध्ये चिरला गेला नाही. तो सबंधच पाकिस्तानात गेला. पंजाब्याला पंजाबचा आणि बंगाल्याला बंगालचा एक भाग तरी राहिला. सिंधी हिंदूच्या वाट्याला सिंधचे एक गावही आले नाही. कराचीहून बोटींनी ही कुटुंबे मुंबईच्या धक्क्यावर उतरली. कल्याणजवळ महायुद्धाच्या काळात उभारलेल्या लष्करी छावणीत हजारोंना ठेवण्यात आले आणि १९४९ मध्ये त्या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळाले. 'वाटणी' हा शब्द ज्यांच्या जिभेवर सहज रुळतो, त्यांनी तेथे जाऊन एखाद्या घराचा पत्ता विचारावा. पाऊणशे वर्षे उलटली, तरी तेथे कॅम्प आणि बराक क्रमांक सांगितला जातो.