सगळीकडे ‘स्टार्ट’ नको

इंग्रजी बोलताना आपल्यापैकी अनेकांचं सगळं ‘स्टार्ट’वर भागतं. आग स्टार्ट, भांडण स्टार्ट, पाऊस स्टार्ट, नवा कायदाही स्टार्ट. समोरच्याला कळतं, म्हणून आपणही सोडून देतो. पण अर्जात किंवा मुलाखतीत हे बोलणं तोकडं पडतं. मराठीत आपण असं कुठे करतो? आग लागते, साथ येते, विषय काढतात, संसार थाटतात. इंग्रजीतही कुठल्या नामाला कुठलं क्रियापद, हे बरंचसं ठरलेलं आहे.

‘ब्रेक आउट’च घ्या. १८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली. इंग्रजीत ‘प्लेग ब्रोक आउट इन बॉम्बे’. १९३९ साली ‘वॉर ब्रोक आउट’. आग, दंगल, मारामारी, अशा एकाएकी उद्भवणाऱ्या नकोशा गोष्टींना हे लावतात. लग्नाला लावू नका. मानपानावरून वऱ्हाडात जुंपली तर गोष्ट वेगळी. आणि हे कोणी ‘करत’ नाही, ते होतं. ‘दे ब्रोक आउट अ फाइट’ चूक, ‘अ फाइट ब्रोक आउट’ बरोबर.

माणूस ठरवून काही सुरू करतो, तिथे शब्द बदलतात. ऑगस्ट १९४२ मध्ये मुंबईच्या गवालिया टँक मैदानावर ‘छोडो भारत’ची हाक दिली गेली, ती चळवळ ‘लाँच’ झाली. धंदा ‘सेट अप’ करतात, छंद ‘टेक अप’ करतात, लोकलमध्ये अनोळखी माणसाशी गप्पा ‘स्ट्राइक अप’ करतात. कायदा आणि पाऊस यांचे शब्द आणखी वेगळे. संविधान २६ जानेवारी १९५० ला ‘केम इंटू फोर्स’. मान्सून केरळात पोचला की ‘हॅज सेट इन’, कारण आता तो मुक्कामाला आलेला असतो.

तेव्हा वहीत ‘ब्रेक आउट म्हणजे सुरू होणे’ असं लिहून ठेवू नका, त्याचा काडीचा उपयोग नाही. नामासकट अख्खं वाक्य उतरवा. इंग्रजी पेपरच्या पहिल्या पानावर रोज एखादं तरी सापडतंच. अडलं तर ऑक्सफर्ड कलोकेशन्स डिक्शनरी बघा. त्यात नाम काढलं की त्याची क्रियापदं पुढ्यात येतात.

‘स्टार्ट’ला अगदी वाळीतही टाकू नका. स्कूटर स्टार्टच होते, ‘बिगिन’ होत नाही. ‘कमेन्स’ परीक्षेच्या नोटिशीत शोभतं. जेवायला बसलेल्या पाहुण्यांना ‘लेट्स स्टार्ट’ पुरे.