वऱ्हाडाचा पासपोर्ट

1943 साली दोन पोरं जन्माला आली. एक मे महिन्यात, तिकडे इंग्लंडातल्या शेफिल्डला. दुसरं डिसेंबरात, इकडे आपल्या मुलखात. दोघांनीही मोठेपणी लोकांना हसवायचं काम धरलं. दोघांच्याही नावाला प्रवास चिकटला. फरक एवढाच, की एक जण लंडनहून निघून जगभर हिंडला आणि दुसऱ्याने आपलं अख्खं गाव उचलून लंडनला नेलं. तेही स्टेजवरून न उतरता!

पहिला मायकेल पॅलिन. दुसरे आपले प्रा. लक्ष्मण देशपांडे. होय, ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’वालेच.

आधी पाहुण्याची ओळख करून घेऊ. पॅलिन हा ‘मॉन्टी पायथन’ या सहा जणांच्या टोळीतला. 1969 ते 1974 या काळात या टोळीने बीबीसीवर जो काही धिंगाणा घातला, त्याने इंग्रजी विनोदाचा चेहराच बदलला. पुढे सिनेमे आले. 1988 च्या ‘अ फिश कॉल्ड वाँडा’मध्ये त्याने तोतऱ्या केनचं काम केलं आणि बाफ्टा पुरस्कार खिशात घातला. त्याचे वडील स्वतः तोतरे बोलायचे. लंडनमध्ये तोतरेपणाचा त्रास असलेल्या मुलांसाठी एक केंद्र आहे, तेही पॅलिनच्याच नावाने. म्हणजे दुसऱ्याच्या बोलण्यावर हसणं काय असतं, हे या माणसाने घरात बघितलेलं होतं. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मग बीबीसीला एक कल्पना सुचली. ज्यूल्स व्हर्नच्या कादंबरीतल्या नायकासारखी ऐंशी दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा, विमानाला हात न लावता. पॅलिन काही पहिली पसंती नव्हता. अॅलन व्हिकर या नामांकित प्रवासी पत्रकाराने आधी नकार दिला होता. 1988 मध्ये पॅलिन निघाला, 1989 मध्ये मालिका टीव्हीवर आली आणि गड्याचं करिअरच फिरलं. मग उत्तर ध्रुव ते दक्षिण ध्रुव, सहारा, हिमालय... पुढे ‘सर’ झाला, आणि वयाच्या ऐंशीच्या घरातही नायजेरिया फिरून आला.

त्या पहिल्या मालिकेत दुबई ते मुंबई हा टप्पा त्याने लाकडी गलबतातून केला. गलबतावर आपले गुजराती खलाशी. पॅलिन त्यांच्यासोबत उघड्या डेकवर झोपला, आजारी पडला, आणि मुंबईत उतरताना निरोप घेणं त्याच्या जिवावर आलं. मुंबईत रस्त्याकडेच्या न्हाव्याकडे त्याने दाढी करून घेतली. न्हावी आंधळा! वस्तरा गळ्यावर, कॅमेरा सुरू. त्या सीनमध्ये हसू कशाचं येतं? न्हाव्याचं नाही. न्हावी सराईतपणे आपलं काम करतोय. हसू येतं ते खुर्चीत अवघडून बसलेल्या साहेबाचं.

बॉस, सगळा फंडा इथेच आहे. साधा सूत्रसंचालक परक्या गावात जातो आणि तिथल्या गमतीजमती आपल्याला दाखवतो. विनोदी नट जातो तेव्हा गंमत स्वतःची करून घेतो. समोरचा माणूस मग आपोआप माणूस वाटायला लागतो, नमुना राहत नाही.

आपल्या मराठीने हा फंडा फार आधी ओळखला होता. पुलं टेलिव्हिजनचं शिक्षण घ्यायला बीबीसीत गेले आणि त्या विलायतवारीचं ‘अपूर्वाई’ झालं. 1960 साली आलेलं हे पुस्तक मराठी घरांनी पारायणं करून झिजवलं. का? कारण त्यातला प्रवासी साहेबाच्या देशात गांगरतो, फसतो आणि स्वतःवरच हसतो.

आता आपल्या शहरात या. लक्ष्मण देशपांडे इथल्या विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकवायचे. सत्तरचं दशक संपता संपता त्यांनी एकपात्री उभं केलं. गोष्ट दोन ओळींची. खेड्यातल्या पोराचं लग्न लंडनच्या मुलीशी ठरतं आणि गावाकडचं वऱ्हाड विमानात बसून लंडनला निघतं. बस्स. पण त्या दोन ओळींत रुसलेले पाहुणे, लग्नघरातली तारांबळ, विमानातला गोंधळ, साहेबाचा देश... सगळं एकच माणूस. 52 पात्रं! बायाबापड्या, म्हातारे, पोरंसोरं. ना नेपथ्याचा डामडौल, ना सोबतीला दुसरा नट. नुसता आवाज, मान, खांदे आणि डोळे. गिनेस बुकात नोंद झाली. प्रयोग परदेशातही झाले. म्हणजे वऱ्हाड खरोखरच सातासमुद्रापार गेलं.

एक गैरसमज इथेच दूर करू. पुण्या-मुंबईचे मित्र नाव ऐकून विचारतात, ‘हे वऱ्हाडी भाषेतलं नाटक ना?’ नाही हो. हे वऱ्हाड म्हणजे लग्नाचं वऱ्हाड. भाषा विदर्भाची नाही, चक्क आपली, मराठवाड्याची. आलतं, गेल्तं, करायलो, जायलो. तोवर नाटक-सिनेमात ही बोली बहुतेक वेळा नोकराच्या नाहीतर गावंढळ पात्राच्या तोंडी यायची. देशपांडे सरांनी तिला तीन तास एकटीला स्टेज दिलं. नाटकाची मालकीणच केलं म्हणा ना.

आणि गंमत बघा. वऱ्हाड लंडनला जातं तेव्हा आपण त्यांच्या गोंधळावर हसतो, पण त्यांच्यात बसून हसतो. आपलेच मामा, आपल्याच आत्या. थोड्या वेळाने प्रश्न पडतो, की नक्की विचित्र कोण? पहिल्यांदा विमान बघून हरखलेला माणूस, की हरखायचंच विसरलेले बाकीचे सगळे? पॅलिन खुर्चीत बसून जे करतो, तेच इथे 52 जण मिळून करतात.

हे सगळं आज का सांगतेय? कारण आपल्यातली निम्मी मंडळी सोमवारी पहाटे पुण्याची बस पकडतात. माझी एक मैत्रीण तिथे आयटीत आहे. फोनवर ‘काय करायलीस गं?’ विचारलं की आधी क्युबिकलबाहेर येते, मग बोलते. आत असताना ती ‘करतेय’ म्हणते, जिन्यात आली की ‘करायले’. मी स्वतः मुंबईतल्या एका मीटिंगमध्ये ‘मी जायलेय’ म्हणाले, तर समोरच्याने तो शब्द तीनदा घोळवून दाखवला. सगळे हसले. वाईट हेतू नव्हता, मान्य. पण त्या हसण्यात आणि देशपांडे सरांच्या प्रयोगातल्या हसण्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. एकात शब्द तुमच्या हातून काढून घेतात. दुसऱ्यात तो तुमच्याच हातात असतो आणि हशा कधी पिकवायचा ते तुम्ही ठरवता.

आम्हाला मास कॉममध्ये ‘न्यूट्रल अॅक्सेंट’ शिकवायचे. शिकावा. कामाला येतो. पण पॅलिनला आठवा. तो जगाच्या टोकाला गेला तरी इंग्रजच राहिला, उगाच दुसरं कुणी व्हायला गेला नाही. लोकांना तो त्यासाठीच आवडला. देशपांडे सरांचं वऱ्हाडसुद्धा लंडनला जाऊन साहेब होत नाही. म्हणून तर ते आजही आपलं वाटतं.

सर 2009 मध्ये गेले. पुढे माजलगावच्या संदीप पाठकने हे वऱ्हाड आपल्या खांद्यावर घेतलं आणि नव्या पिढीसमोर नेलं. आपल्या आईबाबांनी ते कॅसेटवर ऐकलं, आपण मोबाइलवर ऐकू शकतो. तर येत्या सोमवारच्या बसमध्ये हेडफोन लावा आणि ऐका. शेजारचा वळून बघेल एवढ्या मोठ्याने हसलात, तर एक कानाचा त्यालाही द्या.

शेवटी काय, पासपोर्टवर जन्मगावाचा रकाना असतोच. तो कोरा ठेवून कुणालाच व्हिसा मिळत नाही.