'पळा'च्या पोटात 'न्हा': शब्दकोड्यात फोन कुठे अडखळतो?

'पळा' या शब्दाच्या पोटात 'न्हा' घाला. काय तयार झालं? पन्हाळा! 'बार'मध्ये 'जा' घातलं की बाजार, 'पास'मध्ये 'ऊ' शिरली की पाऊस.

वर्डल २०२१ च्या शेवटी गाजला, जानेवारी २०२२ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने तो विकत घेतला, आणि तेव्हापासून शब्दांच्या खेळांचं पेव फुटलंय. म्हणून मीही कोल्हापूरच्या मित्रांसाठी असा एक 'पोटातला शब्द' गेम बनवला. पहिल्याच दिवशी पन्हाळ्यावर फजिती झाली. माझ्या लॅपटॉपवर तीन चौकटी दिसत होत्या, धाकट्या भावाच्या फोनवर चार. "दादा, पन्हाळा काय वाढलाय व्हय?" म्हणाला.

चूक माझी होती. त्याच्याकडे गेमची जुनी आवृत्ती होती आणि तिच्यातली लायब्ररी अक्षरं मोजायचा जुना नियम वापरत होती.

गोष्ट अशी आहे. फोन 'पन्हाळा' साठवतो तो सात तुकड्यांत: प, न, हलन्त, ह, काना, ळ, काना. आपल्या तोंडात मात्र तीनच अक्षरं असतात. या सातांची तीन कशी करायची याचा नियम युनिकोड ठरवतं, आणि त्याचा मूळ नियम हलन्तानंतर सरळ तोडायचा: प, न्, हा, ळा. झाले चार! जोडाक्षर एकत्र ठेवायचा नियम मूळ मानकात आला तो सप्टेंबर २०२३ मध्ये, युनिकोड १५.१ सोबत. देवनागरी तर १९९१ पासून युनिकोडमध्ये आहे. म्हणजे या साध्या गोष्टीला बत्तीस वर्षं लागली. आणि मानक बदललं म्हणून प्रत्येक ॲप बदलतं असंही नाही. डेव्हलपरने लायब्ररी अपडेट केली तर.

गंमत म्हणजे हे तुकडे करणं गल्लीतल्या पोरांना कधीच जमत होतं. आमच्याकडची 'च'ची भाषा आठवा: मिसळ म्हणजे 'चिसळम'. पहिलं व्यंजन शेवटी जातं, त्याच्या जागी च येतो, वेलांटी मात्र जागची हलत नाही. 'र्फ'च्या भाषेत तर शब्दात शब्द नाही, थेट अक्षरातच घुसखोरी: काय झालं 'कर्फाय', मिसळ झाली 'मर्फिसळ'. क आणि काना यांच्या मधोमध र्फ! युनिकोडही क आणि काना वेगवेगळेच साठवतं.

मग मी 'च'च्या भाषेचा कोड लिहिला, चार ओळींचा. मिसळ बरोबर आली. 'प्रगती' दिली तर उत्तर आलं 'च्रगतीप'. कोल्हापुरात असं कोणी बोललं तर लोक हसतील. आपण 'चगतीप्र' म्हणतो. पोरं प्र अख्खा उचलतात, पण इ-उकार, काना मागे सोडतात. जोडाक्षर कुठे तोडायचं नाही हे त्यांना व्याकरण न शिकता कळतं. माझ्या कोडला ते सांगायला आणखी वीस ओळी लागल्या.

हा फक्त खेळाचा प्रश्न असता तर मी एवढं लिहिलं नसतं. मराठी एसएमएस ७० तुकड्यांत संपतो, इंग्रजीला १६० मिळतात. 'पन्हाळा' लिहिलं की त्यातले सात गेले. एखाद्या फॉर्ममध्ये नावाला दहाची मर्यादा असेल तर 'कोल्हापूर' हे चार अक्षरी नावच नऊ जागा खातं. आणि टाइप करताना बॅकस्पेस एकेक मात्रा खोडतो, पण कर्सर अख्ख्या अक्षरावरून उडी मारतो, हे तुम्हीही रोज बघत असालच. आपल्याला वाटतं कीबोर्ड बिघडलाय.

गेममध्ये एक वाद अजून मिटलेला नाही. 'पन्हाळा'च्या पोटात 'हा' आहे का? फोनच्या सर्चला विचाराल तर आहे. मी नाही म्हणतो, भाऊ म्हणतो गुण द्यायलाच पाहिजेत. पुढचं कोडं मात्र बिनवादाचं आहे, सोडवून बघा: 'जर'च्या पोटात 'नाव'.